जामनेरच्या रुळांकडे जाण्याआधी

प्रिय मित्रा,

नाशिक रोडहून भुसावळकडची गाडी धरून दर रविवारी पाचोऱ्याला जायचं आणि जामनेरच्या छोट्या गाडीची लाइन वाचवायची, हा तुझा बेत चांगला आहे. पण 762 मिमी गेजची (म्हणजे दोन रुळांतल्या अंतराची) ही 56 किलोमीटरची लाइन 2020 पासून बंद आहे आणि तिच्या जागी ब्रॉडगेज व्हायची आहे. गावांना मोठी गाडी हवी आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून सगळी लाइन मागू नकोस. शेंदुर्णी किंवा पहूरसारख्या स्टेशनच्या आवारातले किलोमीटरभर रूळ आणि जुनी इमारत, एवढंच माग.

रेल्वेच्या भुसावळ विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय रुळावर पाय ठेवू नकोस. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार विनापरवानगी शिरणं हा गुन्हा आहे. पडलेला गंजका खिळा आठवण म्हणून खिशात घातलास, तर 1966 चा रेल्वे मालमत्तेचा कायदाही लागतो.

परवानगी मिळाल्यावर पहिले काही रविवार फक्त नोंदीत घालव. रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याचं नाव, साल आणि वजन उठवलेलं असतं. तारेच्या ब्रशने गंज काढला की वाचता येतं. वजन पाउंड प्रति यार्डात असेल तर त्याचं निम्मं म्हणजे साधारण किलो प्रति मीटर. 30 पाउंडी, 30 फुटी रूळ सुमारे 136 किलोचा भरतो, तेव्हा दोघांनी उचलायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि किलोमीटरचा दगड दिसू दे. गावातल्या निवृत्त गँगमनना, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या कामगारांना, भेट. रुळाखालून पाणी जायची कुठली मोरी दर पावसात तुंबते, हे नकाशात नसतं, त्यांना माहीत असतं.

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. तिथली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मोरी तुंबली की पाणी खडीत मुरतं, चिखल वर येतो आणि खडीची पकड जाते. मग नवे स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) टाकूनही रूळ खाली बसतात. मृगाआधी मोऱ्या आणि बाजूचे चर मोकळे झालेच पाहिजेत. वेडी बाभूळ नुसती छाटलीस तर दुपटीने फुटते, मुळासकट खणून काढ.

लाकडी स्लीपर वरून धड दिसतो आणि आतून कुजलेला असतो. हातोडा मार: खणखणीत आवाज आला तर ठेव, बद्द आला तर बदल. पाऊण मीटरला एक धरला तर किलोमीटरला सुमारे 1,333 स्लीपर लागतात. एक तृतीयांश कुजले असतील आणि रविवारी वीस बदलले, तर बावीस-तेवीस रविवार गेले. शेजारचे दोन एकदम काढू नका, रूळ लोंबतो. खडी रुळाच्या खाली दोन्ही बाजूंना ठासा, मध्ये नाही. मध्ये ठासली की स्लीपर पोटावर डुलतो आणि खिळे सैल होतात. जुन्या भोकात लाकडी खुंटी बसवल्याशिवाय खिळा पुन्हा ठोकला, तर तो धरत नाही.

जानेवारीच्या पहाटे 15 अंशांना सांधे जोडाल, तर दोन रुळांत 5 मिमीची फट ठेवा. मे महिन्यात लोखंड 60 अंशांपर्यंत तापलं की 30 फुटी रूळ जवळपास तेवढाच वाढतो. फट नसेल तर रूळ बाजूला वाकून उचलला जातो.

इमारत चुन्यात बांधलेली असेल तर सिमेंट लावू नका. सिमेंट ओल बाहेर जाऊ देत नाही आणि शेजारची वीट किंवा दगड सोलत जातो. एक भाग चुना, तीन भाग वाळू, वर आठवडाभर ओलं गोणपाट. जुन्या डब्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा.

इंजिनाचा विषय शेवटी. वेल्समधल्या टॅलिलिन लाइनवर 1951 मध्ये स्वयंसेवकांनी गाडी हाती घेतली, पण तिथेही घाम रुळांवर आणि गवतावरच जास्त गेला. खुद्द नाशिकमध्ये स्टेशन ते गाव घोड्यांची ट्राम धावत होती. तिचे रूळ कुठून जात होते, हे आज शहरात विचारलंस तर फार थोडे जण सांगतील. म्हणून पहिल्या खेपेला पिशवीत 30 मीटरची टेप, तारेचा ब्रश, पेन्सिल, खडू आणि रेघांची वही एवढंच ने. पहार आणि घण नंतर.