घरमालकाला भाडं कमी करायला कसं सांगावं? (नाशिक)

इंदिरानगरला टू बीएचके, भाडं १५,०००, सोसायटीचा मेंटेनन्स १,५०० वेगळा, डिपॉझिट ५०,००० आणि ‘कमी करा’ म्हणायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. लाज कसली? घासाघीस होणार हे धरूनच मालक आकडा सांगतात.

आधी घर किती दिवस रिकामं आहे ते काढा. मालक ‘कालच खाली झालं’ म्हणतील. तुम्ही महावितरणचं ताजं बिल मागा, थकबाकी आहे का बघायचं म्हणून. त्यावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. दोन-तीन महिने युनिट शून्याच्या आसपास असतील तर घर तेव्हापासून बंद आहे. बाथरूममध्ये जाळीतून वास येत असेल, तर तीही खूणच. पाणी न पडल्याने जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून गटाराचा वास अडवणारा भाग, सुकतो.

आता हिशोब. हजार कमी केले तर मालकाचे ११ महिन्यांत ११,००० जातात. घर अजून एक महिना रिकामं राहिलं तर १५,००० जातात, वर मेंटेनन्स खिशातून. हे त्यांना तोंडावर ऐकवू नका, फक्त मनात धरून बोला: ‘काका, घर आवडलं. मेंटेनन्स धरून १५,००० करा, आजच टोकन देतो, एक तारखेला राहायला येतो.’ आणि गप्प बसा. साडेपंधरावर जमलं तरी उत्तम. आकड्यावर अडून बसले तर रंग, गिझर, गळका नळ त्यांच्याकडून करून घ्या; तिथे काकांचा हात लवकर सैल होतो. एजंटच्या भरवशावर राहू नका. त्याला एक महिन्याचं भाडं मिळणार, मग तो तुमच्यासाठी किती भांडेल?

करार मात्र नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी, नोंदणीकृत करार करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. तुमच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क ५०० च्या आत बसतं, शहरात नोंदणी फी १,०००. निम्मं-निम्मं मागायला हरकत नाही, एजंटची करारफी वेगळी.

११ महिन्यांनंतर किती टक्के वाढ, तेही आत्ताच लिहून घ्या. लॉक-इन (म्हणजे करार मोडता येत नाही ती मुदत) आणि नोटीस दोघांना सारखीच हवी. पंचवटी-तपोवनाकडे घर बघत असाल तर विशेष, कारण २०२७ च्या सिंहस्थात जास्त भाड्यासाठी घर मोकळं करून मागायचा मोह मालकाला होऊ शकतो. आणि ‘सोडताना रंगाचे पैसे कापू’ असं कलम दिसलं, तर आत शिरतानाच रंग कधी दिलाय ते विचारा, भिंतींचे फोटो काढून त्यांच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा.