१८११ च्या नाताळात तीन युद्धनौका का फुटल्या : प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपण विचारले आहे की १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत तोफांचा मारा सोसूनही टिकलेली ब्रिटिश जहाजे १८११ च्या डिसेंबरमध्ये एका वादळात कशी नष्ट झाली, ती जुनी आणि कुजलेली होती काय, आणि ओकऐवजी मुंबईच्या गोदीत सागवानाची बांधली असती तर वाचली असती काय. पहिल्या दोन्ही शंकांचे उत्तर माझ्या मते एकच आहे. त्या जहाजांच्या लाकडाचा दोष फार थोडा होता. ती नको त्या महिन्यात, एक जहाज मोडक्या अवस्थेत असताना, उत्तर समुद्रात उतरली आणि तिथे त्यांना आपण नेमके कुठे आहोत हेच कळेनासे झाले.

प्रथम एक दुरुस्ती. नष्ट झालेली जहाजे तीन : ९८ तोफांचे सेंट जॉर्ज, आणि प्रत्येकी ७४ तोफांची डिफेन्स व हिरो. यांपैकी ट्रफाल्गरला लढले ते फक्त डिफेन्स. सेंट जॉर्जवर १८०१ च्या कोपनहेगन मोहिमेच्या आरंभी ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचे निशाण होते, पण प्रत्यक्ष लढाईसाठी तो एलिफंट या कमी खोल पाण्यात चालणाऱ्या जहाजावर गेला. वयाचा मुद्दा तपासायचा तर डिफेन्स १७६३ चे, सेंट जॉर्ज १७८५ चे आणि हिरो १८०३ चे. म्हणजे हिरो त्या वेळी अवघे आठ वर्षांचे होते आणि तेही फुटले. उलट त्याच मोसमात त्याच बाल्टिक ताफ्यातून परतलेले सेनापती सोमारेझ यांचे व्हिक्टरी १७६५ मध्ये पाण्यात उतरलेले होते. ते सुखरूप इंग्लंडला पोहोचले आणि आजही पोर्टस्मथला उभे आहे. जुनेपणा हेच कारण असते, तर हा निकाल उलटा लागायला हवा होता.

सागवानाबद्दल आपली भावना मी समजू शकतो. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईत बांधलेले मिंडेन १८१० मध्ये पाण्यात उतरले होते, आणि १८१७ चे ट्रिंकोमाली तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. साग सहसा कुजत नाही, त्याला कीड कमी लागते, त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. हे सर्व गुण जहाजाचे आयुष्य वाढवतात. मात्र दीड-दोन हजार टनांचे जहाज वाळूच्या दांड्यावर प्रत्येक लाटेसरशी उचलून आपटले जात असेल, तर त्याचा तळ ओकचा आहे की सागाचा याने काही तासांचाच फरक पडतो.

आता मूळ घटना. त्या काळी नेपोलियनने युरोपची बंदरे ब्रिटिश व्यापाराला बंद केली होती, आणि ब्रिटिश आरमाराला लागणारा दोरखंडांचा वाख (हेंप), डांबर व डोलकाठ्यांचे लाकूड मोठ्या प्रमाणावर बाल्टिकमधूनच येत असे. त्यामुळे दर उन्हाळ्यात सोमारेझ यांचा ताफा बाल्टिकमध्ये राहून व्यापारी जहाजांच्या तांड्यांना संरक्षण देई. हिवाळ्याआधी मोठ्या जहाजांनी तिथून बाहेर पडावे हा शिरस्ता सर्वांना ठाऊक होता. आपल्या कोकणात आगोटीपूर्वी होड्या वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी शहाणा माणूस समुद्रात होडी घालत नाही. त्यामागचा विचार आणि हा शिरस्ता एकाच जातीचे आहेत. पण वारा प्रतिकूल राहिला, तांड्यातली जहाजे जमायला वेळ लागला, आणि रिअर अॅडमिरल रेनल्ड्स यांचे सेंट जॉर्ज नोव्हेंबर उजाडला तरी बाल्टिकमध्येच अडकून होते.

१५ नोव्हेंबरच्या रात्री डेन्मार्कच्या लोलँड बेटाच्या दक्षिणेला तांडा नांगरून पडला असताना वादळ झाले. वाहत आलेले एक व्यापारी जहाज सेंट जॉर्जवर आदळले, नांगराचा दोर तुटला, आणि ते उथळ वाळूवर जाऊन बसले. जहाज वाचवण्यासाठी डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या, सुकाणूही गेले. त्या रात्री सुमारे ३० व्यापारी जहाजे नष्ट झाली. सेंट जॉर्ज पुन्हा तरंगले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला स्वीडनच्या किनाऱ्यावर, गोथेनबर्गजवळच्या विंगा येथे पोहोचले. तिथे त्याला तात्पुरत्या, मूळच्या मानाने ठेंगण्या डोलकाठ्या आणि कामचलाऊ सुकाणू बसवण्यात आले.

माझ्या मते या जहाजांचे भवितव्य विंगा येथेच ठरले. सेंट जॉर्जला हिवाळाभर तिथेच ठेवता आले असते. स्वीडनने ब्रिटनविरुद्ध युद्ध जाहीर केले होते खरे, पण ते नावापुरते होते आणि ब्रिटिश जहाजांना तिथे आसरा मिळत होता. रेनल्ड्स आणि जहाजाचे कॅप्टन गियॉन यांना मात्र जहाज इंग्लंडपर्यंत जाईल याची खात्री वाटत होती, आणि सोमारेझ यांनी ते मान्य केले. सोबतीला डिफेन्स आणि क्रेसी ही दोन जहाजे देण्यात आली. १७ डिसेंबरला ती निघाली. यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे मी म्हणणार नाही. अनुभवी माणसांनी विचार करून घेतलेला तो निर्णय होता, आणि म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे.

इथे शिडाच्या जहाजाची एक मर्यादा समजून घ्यावी लागते. त्या काळातले आडव्या परभाणांचे (शिडे टांगायच्या आडव्या काठ्यांचे) मोठे जहाज वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे ६५ ते ७० अंशांपेक्षा अधिक जवळून चालू शकत नसे, आणि जोराच्या वाऱ्यात पुढे सरकता सरकता तितकेच आडवेही ढकलले जाई. ठेंगण्या डोलकाठ्यांवर कमी शीड असलेले सेंट जॉर्ज तर जवळजवळ केवळ आडवेच सरकत होते. वायव्येचा वारा सुटला म्हणजे डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा थेट समोर येतो. तो शेकडो किलोमीटर सरळ, सखल आणि त्या काळी मोठ्या जहाजाला आत शिरता येईल अशा बंदराविना पसरलेला आहे. किनाऱ्यालगत पाण्याखाली वाळूचे समांतर दांडे आहेत. सहा मीटरांहून अधिक पाणी लागणारे जहाज जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेरच्या दांड्यावर अडकते. वर चढून जायला डोंगर नाही, वळसा घालून मागे दडायला भूशिर नाही, आणि त्या काळी दीपगृहही नव्हते. आपल्या भाषेत तारू ‘फुटले’ असेही म्हणतात, ते अगदी नेमके आहे : खोल समुद्रात जहाजे क्वचित बुडत, बहुतेक जमिनीला लागून फुटत. भर वादळात जाणता खलाशी जमिनीपासून दूर राहण्याचीच धडपड करी.

त्यात भर स्थानाच्या अज्ञानाची. समुद्रात पूर्व-पश्चिम स्थान काढायला लागणारे अचूक कालमापक घड्याळ तयार झालेले होते, पण ते आरमाराच्या प्रत्येक जहाजाला दिले जात नव्हते. आणि ढगांमुळे दिवसेंदिवस सूर्य दिसत नसेल तर घड्याळाचाही उपयोग नाही. मग उरत असे तो अंदाज : इतका वेग, इतका वेळ, या दिशेने. प्रवाहाने आणि आडव्या सरकण्याने हा अंदाज रोज थोडा थोडा चुकत जाई. जोडीला दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली वावांत मोजत आणि शिशाच्या तळाला चरबी लावून तिला चिकटून आलेली वाळू, शिंपले किंवा चिखल पाहत. उत्तर समुद्रातले जुने वाटाडे त्या वाळूच्या रंगावरून जागा ओळखत. पण वादळात, अंधारात, शीड आवरतानाच हात अपुरे पडत असता, हे काम नीट होणे कठीण असे.

२४ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी जटलंडच्या थोर्समिंडेजवळच्या किनाऱ्यासमोर सेंट जॉर्ज, डिफेन्स आणि क्रेसी या तिन्ही जहाजांना आपण जमिनीकडे ढकलले जात आहोत हे स्पष्ट झाले. क्रेसीच्या कॅप्टन पेटर यांनी सेंट जॉर्जला आपण काहीच मदत करू शकत नाही हे ओळखून जहाज वळवले, दक्षिणेकडे रोख घेतला आणि ते वाचले. डिफेन्सवर कॅप्टन अॅटकिन्स यांना क्रेसी निघून गेल्याचे सांगण्यात आले, तेव्हा अॅडमिरलने साथ सोडण्याची खूण केली आहे काय, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात. तशी खूण नव्हती. अॅटकिन्स सेंट जॉर्जपाशी थांबले. थोड्याच वेळात डिफेन्स आधी वाळूवर आदळले आणि काही तासांत त्याचे तुकडे झाले. सेंट जॉर्ज त्यामागोमाग जवळच अडकले.

या प्रसंगावर आपल्या या चर्चामंचावर अनेकदा वाद होतात. अॅटकिन्स यांनी आंधळे आज्ञापालन केले असे काही सदस्य लिहितात, पण मला ते मत अन्यायाचे वाटते. निशाणाच्या जहाजाची साथ परवानगीविना सोडणे हा लष्करी न्यायालयात उभे करणारा गुन्हा होता. १७५७ मध्ये अॅडमिरल बिंग यांना कर्तव्यात कसूर केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या होत्या, आणि त्या शिक्षेची आठवण आरमारात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. याशिवाय, मोडकळीस आलेल्या जहाजाला सोबत करण्यासाठीच अॅटकिन्स यांना पाठवलेले होते. पेटर यांचा निर्णय बरोबर होता, पण म्हणून अॅटकिन्स यांना मूर्ख ठरवता येत नाही. वाऱ्याचा रोख आणखी थोडा बदलला असता तर कदाचित दोन्ही नावे आपल्यापर्यंत वेगळ्या रीतीने आली असती.

किनारा सेंट जॉर्जपासून काही शे मीटरांवर होता. लोक तो पाहू शकत होते. तरीही जहाजावरच्या सुमारे ८५० माणसांपैकी फक्त सात वाचली. लाटांमुळे किनाऱ्यावरून होडी घालणे अशक्य होते. जहाज लगेच फुटले नाही, आणि त्यामुळे बहुतेकांचा जीव बुडून नव्हे तर थंडीने गेला. वाचलेल्या खलाशांनी सांगितले की अॅडमिरल रेनल्ड्स आणि कॅप्टन गियॉन वरच्या डेकवर एकमेकांशेजारी मरून पडलेले होते. तराफ्यांवरून निघालेल्यांपैकी थोडेच जिवंत काठाला लागले. डिफेन्सवरून तर मूठभर माणसेच आली.

ज्या डेन्मार्कच्या काठाला ती लागली, त्या देशाशी ब्रिटनचे त्या वेळी युद्ध चालू होते आणि कोपनहेगनवर ब्रिटिशांनी केलेल्या तोफांच्या भडिमाराला चारच वर्षे झाली होती. तरीही गावकऱ्यांनी जिवंतांना आसरा दिला, आणि अॅटकिन्स यांचा मृतदेह काठाला आल्यावर त्यांना सन्मानाने पुरण्यात आले. इतर शेकडो प्रेते वाळूच्या टेकड्यांमध्ये पुरली गेली. त्या टेकड्यांना डॅनिश भाषेत ‘मृत माणसांचे डोंगर’ अशा अर्थाचे नाव आजही आहे. थोर्समिंडेला सेंट जॉर्जच्या अवशेषांचे संग्रहालय असून समुद्रतळावरून काढलेल्या वस्तू तिथे ठेवल्या आहेत.

हिरोची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती स्थानाच्या चुकीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. त्याची कोणतीही डोलकाठी आधी मोडलेली नव्हती. कॅप्टन न्यूमन यांच्या हिशेबाप्रमाणे जहाज उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात होते. प्रत्यक्षात ते हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळच्या हाक्स नावाच्या वाळूवर चढले. सोबतचे ग्रासहॉपर हे लहान जहाज कमी पाणी लागत असल्याने ती वाळू ओलांडून आत गेले आणि नंतर डच हाती सापडले, पण त्यावरची माणसे जगली. हिरोवरून मदतीसाठी तोफा उडवल्या गेल्या, उजेड केला गेला, आणि वाचले फक्त १२ जण.

फुटलेल्या तिन्ही जहाजांवर मिळून सुमारे दोन हजार माणसे गेली. ट्रफाल्गरच्या संपूर्ण लढाईत ठार झालेले ब्रिटिश सुमारे ४५० होते. आपण लढायांची वर्णने भरपूर वाचतो, म्हणून ही तुलना मी मुद्दाम देतो आहे.

आपला शेवटचा प्रश्न असा होता की किनारा इतका जवळ असताना दोर फेकून तरी माणसे काढता आली नसती काय. ती कल्पना त्या वेळी अगदी नवी होती. १८०७ मध्ये ग्रेट यारमथजवळ स्नाइप हे जहाज काठापासून हाकेच्या अंतरावर फुटताना कॅप्टन जॉर्ज मॅनबी यांनी पाहिले, आणि त्यानंतर त्यांनी छोट्या तोफेतून दोर बांधलेला गोळा जहाजावर टाकण्याची युक्ती काढली. १८०८ च्या फेब्रुवारीत तिने एलिझाबेथ या जहाजावरच्या सात जणांना वाचवले. पण अशा तोफेचा पल्ला सेंट जॉर्जपर्यंत पोहोचण्याइतका नव्हता, आणि जटलंडच्या किनाऱ्यावर तशी एकही तोफ नव्हती. ब्रिटनची राष्ट्रीय जीवरक्षक संस्था १८२४ मध्ये स्थापन झाली. जटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र क्लौडी नावाच्या अधिकाऱ्याने इंग्लंडमधली साधने पाहून येऊन बरीच खटपट केल्यावर, १८५२ मध्ये, सरकारी खर्चाने होड्या आणि दोर फेकणारी अग्निबाणांची यंत्रे ठेवण्यात आली.