बेल्ट कंबरेला की खुब्याला?

या वेळी आलेल्या पत्रांत कंबरेच्या बेल्टबद्दलचे प्रश्न जास्त होते. त्यातले निवडक पुढे घेतले आहेत.

प्रश्न : बाळंतपणाला चार महिने झाले. कंबरेच्या खाली, उजव्या कुल्ल्यात दुखतं. कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते. मेडिकलमधून मागं लोखंडी पट्ट्या असलेला रुंद बेल्ट आणला. अर्ध्या तासात तो वर सरकतो आणि दुखणं आहे तिथंच. आणखी घट्ट बांधू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. तुमच्याकडे आहे तो एल-एस बेल्ट. त्याची रुंदी २० ते २५ सें.मी. असते आणि तो पाठीच्या खालच्या मणक्यांसाठी असतो. तुम्ही सांगता ती जागा आणि त्या हालचाली बघता दुखणं मणक्यापेक्षा कटीच्या सांध्यात असण्याची शक्यता जास्त आहे. कंबरेखाली पाठीवर दोन खळगे दिसतात, साधारण तिथे त्रिकास्थी (मणक्यांच्या तळाचं त्रिकोणी हाड) आणि दोन्हीकडची कटीची हाडं जुळतात. गरोदरपणात इथली बंधनं सैल पडतात आणि काहींना बाळंतपणानंतरही काही महिने त्रास राहतो. त्यासाठी वेगळा, अरुंद पट्टा मिळतो. साधारण ५ ते ८ सें.मी. रुंदीचा, वजनाला हलका, लोखंडी पट्ट्या नसलेला. दुकानात 'एस-आय बेल्ट' (सॅक्रो-इलियाक, म्हणजे याच सांध्याचा) म्हणून मागा. रुंद बेल्टच्या मानाने तो दिसायला किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच बरेच जण तो हातात घेऊन परत ठेवतात.

विकत घेण्याआधी घरी एक चाचणी करा. सपाट अंथरुणावर उताणं झोपा, दोन्ही टाचांत वीतभर अंतर ठेवा. गुडघा न वाकवता एक पाय वीतभर उचला, मग दुसरा. दुखऱ्या बाजूचा पाय जड वाटला, तर घरातल्या कुणाला तरी खुब्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून आतल्या दिशेने दाबून धरायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. पाय हलका झाला तर पट्ट्याचा उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. फरक पडला नाही किंवा जास्त दुखलं, तर पैसे घालवण्याआधी फिजिओथेरपिस्टना दाखवा.

मोजमाप ड्रेसच्या साइझवरून घेऊ नका. पातळ कपड्यावरून, पट्टा जिथे बसणार त्याच पातळीवर शिंप्याचा टेप आडवा फिरवून सेंटिमीटरमध्ये माप घ्या आणि डब्यावरच्या तक्त्याशी जुळवा. काही कंपन्या कंबरेचं माप विचारतात, काही खुब्याचं. ते आधी वाचा. बांधल्यावर वेलक्रोचा निम्म्याहून जास्त भाग पकडला गेला पाहिजे. टोकाला जेमतेम चिकटत असेल तर तो खाली वाकताच सुटणार.

आता जागा. हात कंबरेवरून पुढे खाली नेले की दोन टोकदार हाडं बोटांना लागतात. पट्ट्याची वरची कड त्यांच्या किंचित खाली हवी. बाजूला तो मांडीच्या बाहेर येणाऱ्या खुब्याच्या हाडाच्या वर राहतो आणि मागे त्रिकास्थीवरून जातो, माकडहाडावरून नाही. उभं राहून दोन्ही हातांनी दोन्ही बाजू सारख्या ओढा. एकच बाजू ओढली की पट्टा फिरतो. ताण किती? प्रयोगांत ५० आणि १०० न्यूटन असे दोन्ही ताण तपासले गेले, आणि दुप्पट आवळून जास्त फायदा दिसला नाही. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोचं वजन हाताला ओढतं तेवढा ताण. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. मांडीला मुंग्या आल्या किंवा जांघेत रुतलं, तर तो घट्ट झाला आहे किंवा खाली उतरला आहे.

वर सरकण्याचं कारण साधं आहे : खुब्यापेक्षा कंबर बारीक, त्यामुळे पट्टा बारीक जागेकडे चढतो, आणि आवळला की लवकर चढतो. आतून रबरी रेघा असलेला पट्टा कमी सरकतो. साडी नेसत असाल तर परकराची नाडी पट्ट्याच्या वर, आणि गाठ बाजूला घ्या. नाहीतर दिवसभर ती गाठ पोटात टोचते. भारतीय संडासात बसून उठल्यावर पट्टा दरवेळी हलतो, तो पुन्हा जागेवर आणा. सिझेरियन झालं असेल तर जखम पूर्ण भरलेली हवी आणि आत मऊ सुती कापड हवं.

सुरुवातीला चालणं, जिना, बाळाला उचलणं अशा कामांपुरता, दोन-तीन तास वापरा. झोपताना काढा. जोडीला लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू ५ सेकंद आवळून सोडायचे, ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. पट्ट्याने दुखणं दबतं, स्नायूंचं काम व्यायामच करतो.

आणि एक. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट लुगड्याने करकचून बांधतात. थोडा सैल आधार सुखावतो, पण वरून आवळलेलं पोट दाब खाली ढकलतं. अंग खाली उतरल्यासारखं जड वाटत असेल किंवा खोकताना लघवी गळत असेल, तर ते बांधणं बंद करून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आई ५५ वर्षांची, विड्या वळते. कंबर दुखते म्हणून पट्ट्यांचा रुंद बेल्ट सकाळपासून रात्रीपर्यंत बांधते. आता जळजळ होते, जेवण जात नाही. बेल्टमुळं काय ओ? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बेल्टचा हात त्यात असू शकतो. मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन पुढे वाकलं की पोट आधीच दाबलेलं असतं. त्यावर रुंद बेल्ट आवळला की पोटातला दाब आणखी वाढतो आणि आम्ल वर येतं. शिवाय मांडी घातल्यावर बेल्टची वरची कड बरगडीला भिडते आणि खालची जांघेत रुतते. हा बेल्ट उभ्याने काम करताना, पाणी भरताना, बसमधून जाताना ठीक. जेवणाआधी सोडायचा तो तासाभराने बांधायचा.

बसून काम करताना बेल्टपेक्षा बैठक बदलणं कामी येतं. चारपाच इंच उंच पाटावर घडी घातलेली वाकळ ठेवून त्यावर बसवा, म्हणजे गुडघे खुब्याच्या खाली राहतात आणि कंबरेचा बाक टिकतो. पाठ भिंतीला, मध्ये छोटी उशी. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चालायचं. विडीचे पैसे नगावर मिळतात, त्यामुळे हे सांगणं सोपं आणि करणं अवघड; निदान पानं कापायला आणि वळायला वेगवेगळी बैठक ठेवता आली तर पाहा. या वयात हाडांचा ठिसूळपणाही तपासून घ्या. किरकोळ धक्क्याने अचानक दुखायला लागलं असेल तर एक्स-रे आधी, बेल्ट नंतर.

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत वजन उचलणाऱ्या सगळ्यांना बेल्ट द्यायचा विचार आहे. कंबर धरणार नाही ना? – एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : ज्यांना दुखत नाही त्यांना बेल्ट देऊन दुखापत टळते, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच निरोगी कामगारांना बचावासाठी बेल्ट देऊ नये असं सांगितलं. उलट बेल्ट आहे म्हणून माणूस जास्त वजन उचलायला जातो, ही धास्ती असते. तेच पैसे ट्रॉली आणि कमरेच्या उंचीचे ओटे यांवर घाला.

प्रश्न : सातवा महिना. ओटीपोटाखाली, मधल्या हाडावर आणि कंबरेत दुखतं. सासूबाईंचा पट्ट्यांचा बेल्ट वापरला तर चालेल? – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : तो नकोच. गरोदरपणाचा बेल्ट पोटाच्या खालून जातो आणि पोट खालून तोलतो. पोटावर आवळत नाही. डॉक्टरांना विचारून, पुढे वाढीला जागा असलेला घ्या. चालताना बांधा, आडवं होताना सोडा. अंथरुणातून उठताना आणि रिक्षातून उतरताना दोन्ही पाय एकत्र फिरवा, परकर-सलवार बसून घाला, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी. कंबर ठराविक अंतराने थांबून-थांबून दुखू लागली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, लघवीला जळजळ झाली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तो बेल्टचा विषय नाही. लगेच दवाखान्यात जा.

प्रश्न : बेल्ट लावून महिना झाला. कळ आता पोटरीपर्यंत जाते, पाऊल बधिर आहे. मोठा बेल्ट घेऊ? – एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : बेल्ट मोठा करून नस मोकळी होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवा. पाऊल उचलताना लटकत असेल, बसण्याच्या जागी बधिरता आली असेल, लघवी अडली किंवा न कळत होत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

प्रश्न : जांबोटीच्या पावसात बेल्ट वाळतच नाही, वास येतो, खाज सुटते. – एक वाचक, जांबोटी

उत्तर : रबरासारख्या जाड निओप्रीनचा असेल तर तो घाम धरून ठेवतो. पावसाळ्यात जाळीदार इलॅस्टिकचा घ्या, जमल्यास दोन, आणि आत पातळ सुती बनियन घाला. धुताना पट्ट्या काढता येत असतील तर काढा, वेलक्रो बंद करा, नाहीतर तो इलॅस्टिकचे धागे ओढतो. कोमट पाणी, साधा साबण. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पंख्याखाली पसरा. चुलीवर किंवा इस्त्रीने वाळवलेला बेल्ट ढिला पडतो. वेलक्रोतले केस-धागे जुन्या टूथब्रशने काढा. अंगावर लाल चट्टे गेले नाहीत तर काही दिवस बेल्ट बंद ठेवून त्वचा दाखवा.