ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) प्रत्येकाचे कृपादान, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेली देणगी, वेगळे असेल, तर ऐक्य टिकणार कसे?

प्रश्नातच एक गृहीतक दडलंय: ऐक्य म्हणजे सगळे सारखे. येशूचा प्रेषित पौल याला ते मान्य नव्हतं. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ (हा तिथला दुसरा उपदेशक) असे तट पडले होते, आणि अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने इतरांना न कळणाऱ्या भाषांत, बोलणारे स्वतःला वरचढ समजत असावेत. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राचा १२वा अध्याय वाचा. कृपादाने निरनिराळी, सेवा निरनिराळ्या, पण आत्मा एक, प्रभू एक. सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकणार कशाने, असं तो विचारतो.

मला यातला २८वा श्लोक सगळ्यात बोलका वाटतो. प्रेषित, संदेष्टे, शिक्षक यांच्याच यादीत ‘साहाय्य करणारे’ आणि व्यवस्था पाहणारेही आहेत. म्हणजे सतरंज्या घालणारा आणि हिशेब ठेवणारासुद्धा. (आपल्याकडे आभार मात्र उपदेशकाचेच मानले जातात, ते सोडा.) आणि ज्या दानाचा करिंथकरांना एवढा अभिमान, ते अन्य भाषांचं दान यादीत शेवटी!

व्यवहारात कसोटी सोपी आहे: या दानाने इतरांची उन्नती होते का? १४व्या अध्यायात पौल सरळ नियमच घालतो. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावं; अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. दान खरं असलं तरी थांबता आलं पाहिजे. आमच्याकडचे बहुतेक वाद दानांवरून नसतात, माईक कोणाच्या हातात यावरून असतात.