फुटक्या कवडीतला पीळ

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय: ‘कोशात कवडीचं संस्कृत नाव कपर्दिका दिलंय, आणि कपर्दी म्हणजे तर शंकर. शंखाचे वेढे डोळ्यांना दिसतात. गुळगुळीत कवडीचा जटांशी काय संबंध?’

संबंध आहे, आणि फार देखणा आहे. कपर्दिकेचं प्राकृतात कवड्डिआ झालं, तिथून आपली कवडी. मधल्या ‘प’चा ‘व’ होणं आपल्या भाषेच्या अंगवळणीच पडलंय: दीपचा दिवा, कपाटाचं कवाड.

कपर्द म्हणजे पीळ घालून बांधलेले केस. ऋग्वेदात रुद्र आणि पूषन या दोन्ही देवांना कपर्दी म्हटलंय, आणि वसिष्ठकुळातले लोक कपर्द उजव्या बाजूला बांधत असंही तिथे येतं. कवडी हा अर्थ पुढच्या संस्कृतात भेटतो. जटा कवडीसारख्या दिसतात म्हणून शंकर कपर्दी, अशी फोड काही जण करतात. मला ती उलटी वाटते. नाव केसांवरून कवडीकडे गेलं असावं.

पण पीळ कुठाय? वेळणेश्वरच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी मला पाठ फुटलेली एक कवडी मिळाली. ठिपक्यांचा चकचकीत भाग लाटांनी नेलेला, आणि आत कागदाची सुरळी करावी तसं कवच स्वतःभोवती गुंडाळत गेलेलं. टोकाकडून पाहिलं तर थेट अंबाडा! कवडीतला जीव गोगलगाईच्याच गोतातला. लहानपणी त्याच्या कवचाचे वेढे शंखासारखे उघडे असतात. वाढताना शेवटचा वेढा आधीच्या सगळ्यांना पोटात घेतो, तोंडाच्या कडा आत वळतात, त्यांवर दाते येतात. पीळ राहतो, फक्त झाकला जातो.

‘कवडीमोल’ हा चलनाचा संसार. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त 20 कवड्यांची एक काकिणी आणि 4 काकिणींचा एक ‘पण’ (जुनं नाणं), असं कोष्टक आहे. म्हणजे 80 कवड्या मोजल्या की एक ‘पण’. तिथे कवडीला वराटक म्हटलंय. त्या नावात जटा नाहीत.

तेव्हा ताई, पोरांनी वेचून आणलेल्यातली फुटकी कवडी टाकू नका. अखंड कवडीत हा शब्द दिसत नाही, फुटकीत दिसतो.