वाचक विचारतात : देवलांवरचा शालेय प्रकल्प

प्रश्न : शाळेने 'एका नाटककाराचे जीवन, साहित्य आणि काळ' हा प्रकल्प दिला आहे. मी गोविंद बल्लाळ देवल निवडले. इंटरनेटवर माहिती खूप आहे, पण जिकडेतिकडे तीच. सुरुवात कुठून करू?
– इयत्ता नववीची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : जन्मतारखेपासून नको, नाटकापासून कर. देवलांची नाटके सात. 'मृच्छकटिक' शूद्रकावरून, 'विक्रमोर्वशीय' कालिदासावरून, 'शापसंभ्रम' बाणाच्या 'कादंबरी'वरून, 'झुंजारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून; 'दुर्गा' आणि 'संशयकल्लोळ' यांचे मूळही युरोपीय नाटकांत. पूर्णपणे स्वतंत्र असे एकच, १८९९चे 'शारदा'. सातही वाचायला घेतलीस तर महिना जाईल आणि हाती काही लागणार नाही. 'शारदा' अथपासून इतिपर्यंत दोनदा वाच, बाकीच्यांना एकेक परिच्छेद पुरे. देवल १९१६ साली वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे संहिता मोफत वाचायला मिळते.

पहिल्या वाचनात कथा समजून घे. दुसऱ्या वाचनात फक्त एक प्रश्न धरून बस : शारदेचे म्हाताऱ्याशी ठरलेले लग्न मोडते कशामुळे? पाऊणशे वर्षांचा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाला भुललेला बाप कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आणि कोवळी शारदा. लग्न लागायच्या वेळी कोदंड हा तरुण ते थांबवतो, पण वर म्हातारा आहे म्हणून नव्हे. वर आणि वधूपिता सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे निघतात म्हणून; असे लग्न शास्त्राला मान्य नव्हते. इथे थांब आणि विचार कर. म्हाताऱ्याने कोवळ्या मुलीशी लग्न करू नये असा कायदाच तेव्हा नव्हता. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ केली, पण तो शरीरसंबंधाच्या संमतीबद्दल होता, लग्नाच्या वयाबद्दल नव्हे. म्हणून नाटककाराला शास्त्राचाच आधार घ्यावा लागला. नाटक आणि काळ यांची गाठ इथे बसते. तुझ्या प्रकल्पाचा गाभा हाच ठेव.

आता एक मोठी चूक, जी बहुतेक वह्यांत सापडते : 'या नाटकामुळे शारदा कायदा झाला व त्याला नाटकाचे नाव मिळाले.' चूक आहे. १९२९चा बालविवाह प्रतिबंधक कायदा विधेयक मांडणारे हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. मराठीत सारडाचे शारदा झाले आणि घोटाळा कायमचा बसला. त्या कायद्याने मुलीचे वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. देवलांना जाऊन तेव्हा १३ वर्षे झाली होती.

'काळ' लिहिताना मुले पुण्या-मुंबईचाच काळ लिहितात. १८९९ साली मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. तुझे अंबाजोगाई सरकारदप्तरी मोमिनाबाद होते, तेव्हा जुन्या नकाशात तेच नाव शोध. तक्त्यात चार रकाने आख : साल, देवल, रंगभूमी, आपला मुलूख. चौथा रकाना इंटरनेटवर तयार मिळत नाही, म्हणूनच तो मोलाचा.

टिपणे वहीत सलग लिहू नकोस. फुलस्केप कागदाचे चार तुकडे कर. एका तुकड्यावर एकच गोष्ट, मागे पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि पान. २५-३० तुकडे पुरतात. लिहायला बसताना ते जमिनीवर मांडून क्रम लावता येतो. १२ पानांचा प्रकल्प असेल तर चरित्राला २ पाने, 'शारदा'ला ५, काळाला ३, उरलेली इतर नाटकांना. चरित्रात बेळगावात नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचे विद्यार्थी असणे आणि पुढे नट व तालीम मास्तर म्हणून केलेले काम आलेच पाहिजे. संगीत नाटकाचे तंत्र त्यांनी रंगमंचावर उभे राहून शिकलेले आहे.

उतारा घेताना जुने अनुस्वार तसेच ठेव. 'पाउणशें' हे त्या काळचे शुद्ध रूप आहे. आजचे लेखननियम १९६२ नंतरचे.

प्रश्न : 'संशयकल्लोळ'चे साल एका ठिकाणी १८९३, दुसरीकडे १९१६. कोणते धरायचे?
– एक पालक, जालना

उत्तर : दोन्ही, पण सांगून. १८९३ साली ते 'फाल्गुनराव' नावाचे गद्य नाटक होते. पदे घातलेले 'संशयकल्लोळ' १९१६ साली, देवलांच्या निधनानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. जुन्या पुस्तकावर शके असेल तर इसवी सन काढायला गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. पौषातला प्रयोग असेल तर हा फरक हमखास नडतो.

फोटोंचेही तसेच. बालगंधर्वांचा फोटो चिकटवून खाली 'शारदाचा पहिला प्रयोग' लिहू देऊ नका. 'शारदा' १८९९चे, आणि बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत आले १९०५ साली.

प्रश्न : वर्गातली चाळीस मुले एकच मजकूर उतरवून आणतात. काय करावे?
– शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : विषय 'देवल' असा मोकळा सोडला की हे होणारच. प्रत्येक गटाला प्रश्न वेगळा द्या : भद्रेश्वराला या व्यवहारात काय मिळते? 'झुंजारराव'मध्ये ऑथेल्लोचे कोणते प्रसंग बदलले? कांचनभटाच्या बायकोला, इंदिराकाकूला, या लग्नाबद्दल काय वाटते? मराठी विश्वकोशातली नोंद आधी सगळ्यांना वाचायला लावा, तो पाया समान राहू द्या. तालुक्याच्या ग्रंथालयात गट नेणार असाल तर ग्रंथपालांना आठवडाभर आधी यादी पाठवा. संदर्भ विभागातली पुस्तके घरी मिळत नाहीत, म्हणून मुलांजवळ टिपणांसाठी कागदाचे कोरे तुकडे असू द्या आणि शीर्षकपानाचा व त्यामागच्या पानाचा फोटो घ्यायला सांगा. आवृत्तीचे साल तिथेच असते. अर्धे गुण तोंडी ठेवा. कोणताही एक तुकडा उचलून विचारा : हे कुठे वाचलेस, आणि दुसऱ्या पुस्तकात काय दिले आहे? उतरवून आणलेले मूल तिथे अडते. त्याला नापास करू नका, तो एक तुकडा शोधून आणायला परत पाठवा.