गणपतीची तारीख बदलते, संक्रांतीची का नाही?

प्रिय बाळा,

गणपती दरवर्षी निराळ्या तारखेला येतात, मग संक्रांतच कशी १४ किंवा १५ जानेवारीला येते, असे तू विचारलेस. उत्तर घाईत सांगण्यासारखे नाही, म्हणून लिहितो.

आपले महिने चंद्राचे असतात. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस जातात, त्यामुळे बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात आणि सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरांनी कमी पडतात. भाद्रपद शुद्ध चतुर्थी दरवर्षी तेवढी अलीकडे सरकते. हे असेच चालू दिले असते, तर काही वर्षांनी दिवाळी भर पावसाळ्यात आली असती.

त्यावर आपल्या ज्योतिषांनी काढलेला उपाय मला फार सुंदर वाटतो. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात, आणि अशा बारा संक्रांती वर्षात होतात. ज्या चांद्रमासात त्यांपैकी एकही पडत नाही, तो महिना अधिक मानायचा आणि त्याच नावाचा महिना पुन्हा धरायचा. २०२३ साली सूर्य कर्क राशीत गेला तो जुलैतल्या अमावास्येच्या आधी, आणि सिंह राशीत गेला तो ऑगस्टमधली अमावास्या उलटल्यावर. मधला महिना संक्रांतीवाचून राहिला, म्हणून श्रावण दोनदा आला, आणि आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला आलेले गणपती १९ सप्टेंबरला आले. असा महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो. तो कोणी मनाने घालत नाही.

मकरसंक्रांत निव्वळ सूर्यावर ठरते, म्हणून ती चंद्राबरोबर हलत नाही. तरी ती अगदी स्थिरही नाही. स्वामी विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ हा दिवस संक्रांतीचाच होता. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलत असल्यामुळे, ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे भरते, आणि संक्रांत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. दिवस मोठा होऊ लागतो तो मात्र २२ डिसेंबरच्या सुमारास, हे इथे टोरांटोत तू दर हिवाळ्यात पाहतोसच.

राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कोठे धरावा, यावर महाराष्ट्रातही एकमत नाही. टिळक पंचांग तो थोडा निराळा धरते, त्यामुळे एखाद्या वर्षी त्याचा अधिक महिना वेगळा येतो, आणि ते पंचांग मानणाऱ्या घरांतले गणपती आपल्या एक महिना आधी बसतात.

तुझा,
बाबा